मातेच्या ओढणीची सुरगाठ

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने.

मी, एर्मोहेनेस कातापांग, वय छप्पन्न, धंदा जीपनीच्या, म्हणजे आमच्याकडच्या प्रवासी जीपगाड्यांच्या, बॉड्या बांधण्याचा, राहणार पुलांग बातो, प्रांत बातांगास, संत फ्रान्सिसच्या तृतीय संघाचा प्रापंचिक सभासद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर, भर दिवसा, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर कोणाचेही न ऐकता लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय तेवढे नाही. त्याची एक झडप नीट मिटत नाही, म्हणून पुढल्या आठवड्यात मनिलाला छाती उघडणार आहेत. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवले. यंत्र मला लगेच समजले आणि दुरुस्तीची पद्धतही पटली. भीती वाटत नाही. परंतु ईस्टर एप्रिलच्या एकवीस तारखेला आहे, आणि त्या पहाटे मातेच्या रथामागे मी असेन की नाही हे चित्रात नव्हते.

मला मूलबाळ नाही. पत्नी आउरेआ तीन वर्षांपूर्वी वारली. आईवडील त्याआधीच गेले. त्यामुळे माझ्या वस्तू मी मला वाटेल त्याला देऊ शकतो, आणि स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदारही लागत नाहीत. दोन्ही गोष्टी मी पुस्तकात स्वतः वाचल्या आहेत. तरी साक्षीदार घेतले आहेत, कारण आमच्या गावात जे दोघांनी पाहिले नाही ते घडलेलेच नसते.

कलम पहिले. माझ्या घरातील आनंदमाता, म्हणजे पवित्र मारियेची मूर्ती, हस्तिदंती चेहरा, हस्तिदंती हात, बाकी अंग लाकडाचे, तिचा पांढरा पोशाख, तिची काळी ओढणी आणि तिचा रथ, हे सर्व मी माझी धाकटी बहीण कॉन्सोर्सिया, जिला सगळे सिया म्हणतात, हिला देत आहे. मूर्ती आमच्या पणजीची. रथ माझा. त्याला मी जीपनीचे कमानपाटे बसवले आहेत, त्यामुळे माता चालताना हादरत नाही, डोलते. पाट्यांना ग्रीस झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, आधी लावावे. नंतर लावल्यास ते पोशाखावर उडते. हे मी सांगूनही एकदा झाले आहे.

मनिलाहून काळा चष्मा लावून येणारा जुन्या वस्तूंचा व्यापारी माझ्या मृत्यूची बातमी लागताच येईल. तो फक्त चेहरा आणि हात मागतो. मागच्या खेपेस त्याला मी विचारले, "तुझ्या आईचे नुसते हात घेऊन जाऊ का?" त्यावर तो म्हणाला, "काका, धंद्यात आईला आणू नका." मी म्हणालो, "तूच आणलीस." त्याला कॉफी द्यावी. बसायला देऊ नये.

हे मृत्युपत्र एखाद्या बाहेरगावच्या न्यायाधीशासमोर गेले तर त्यांना कळावे म्हणून लिहितो. ईस्टरच्या पहाटे पुलांग बातोत 'भेट' असते. मातेला काळी ओढणी घालून बायका एका रस्त्याने नेतात. पुनरुत्थित प्रभूला पुरुष दुसऱ्या रस्त्याने आणतात. चौकातल्या कमानीखाली दोन्ही रथ समोरासमोर येतात, देवदूत झालेली लहान मुलगी वरून दोरीने खाली उतरते, गाते आणि मातेच्या डोक्यावरची ओढणी ओढून काढते. दुःख संपले. मग मायलेकरे एकमेकांना तीनदा वाकून नमस्कार करतात, घंटा वाजतात आणि माणसे रडतात. ओढणी एका झटक्यात निघाली पाहिजे. अडकली तर वर्ष वाईट जाते, असे लोक मानतात. मी मानत नाही, पण अडकूही देत नाही.

प्रभूची मूर्ती मागसिनोंच्या घरी असते. सियाचा नवरा पेलाहिओ मागसिनो. म्हणजे माता माझ्याकडे, पुत्र मेहुण्याकडे. मागच्या रविवारी मी सियाला स्वयंपाकघरात बसवून वरील कलम वाचून दाखवले. तिने कप खाली ठेवला.

"दादा, मग मातेला आमच्याच घरी नेते ना. प्रभू आहेतच. एका खोलीत दोघं राहतील, फुलं एकदाच आणायची, तुझ्या घराला कुलूप."

"आणि ईस्टरला?"

"ईस्टरला काढू की बाहेर."

"एकाच दारातून? सिया, मायलेकरं रात्री एका छपराखाली झोपली तर पहाटे चौकात भेटायचं कशाला?"

"मूर्ती आहेत रे त्या. झोपत नाहीत."

"हे फादरांपुढं म्हणून दाखव."

ती नाकाने हसली. आमच्या आईसारखी. मग म्हणाली, "म्हणजे मी काय करू? नवऱ्याचं घर सोडून इथं येऊ?"

"झावळ्यांच्या रविवारपासून ईस्टरपर्यंत. एकच आठवडा."

"आणि ह्यांना जेवायला कोण घालणार?"

"उपासाचे दिवस आहेत."

कलम दुसरे. म्हणून माझे घर, मागच्या अंगणातल्या आंब्यासह, सियालाच देतो, पण या अटीवर की माता याच घरात, याच खिडकीशी राहील, आणि तिच्या नावाचा तो आठवडा सिया येथे राहील. घर विकू नये. भाड्याने दिल्यास भाडेकरूने त्या आठवड्यात समोरची खोली रिकामी करावी आणि मोठ्याने गाणी लावू नयेत. ईस्टरच्या पहाटे सिया मातेबरोबर या दारातून निघेल आणि तिचा नवरा प्रभूबरोबर त्या दारातून. कमानीखाली चौघांची भेट होईल. लग्नाला तीस वर्षे झालेल्या जोडप्याला ही अट जाचक वाटू नये.

कलम तिसरे. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, व्हाइस, पान्यांचे दोन्ही संच आणि पत्रा वाकवण्याचे मी स्वतः बनवलेले यंत्र आमच्या संघाला द्यावे. वादळात कोणाचे छप्पर गेले की संघाची माणसे उसन्या हातोड्या मागत फिरतात, ते मला बघवत नाही. यंत्राचा दांडा डावीकडून ओढावा. उजवीकडून ओढल्यास ते चालते, पण मला आवडत नाही. बँकेत जे निघेल ते दफनाला वापरावे, आणि उरल्यास माझ्या पाठीमागच्या जेवणाला. जेवणात लोमी, म्हणजे जाड शेवयांचा रस्सा, असावी, दाट. बंधू क्रिसोस्तोमो पातळ करतो.

कलम चौथे, ओढणीच्या गाठीविषयी. हे नीट वाचावे.

ओढणी हनुवटीखाली सुरगाठीने बांधावी. सुरगाठ म्हणजे जिचे एक टोक ओढले की सगळी सुटते. ते टोक बोटभर लांब, उजव्या खांद्यावर, पांढऱ्या दोऱ्याने खूण केलेले असावे, म्हणजे देवदूताला दिसते. ही गाठ सियाने मारावी. पेलाहिओ मागसिनो यांनी ओढणीला हात लावू नये.

याचे कारण गावाला ठाऊक आहे, तरी कागदावर असावे. सात वर्षांपूर्वी उपवासकाळात वेल्डिंगच्या ठिणगीने माझा उजवा हात भाजला होता. त्याच वर्षी पेलाहिओने संघात वचने घेतली. नव्या सभासदांच्या कमरेच्या दोरांना तीन तीन गाठी मारायच्या होत्या, गरिबीची, शुचितेची, आज्ञापालनाची. आम्हा प्रापंचिकांसाठी त्यांचा अर्थ थोडा सैल असतो, पण गाठ सैल चालत नाही. ती निरगाठ. ओढाल तशी आवळते. मी त्याला शिकवली आणि तो सबंध उपवासकाळ तीच मारत बसला. शनिवारी मातेला सजवताना माझा हात बांधलेला होता, म्हणून मी ओढणी त्याच्याकडे दिली.

पहाटे देवदूत उतरली, गायली आणि तिने ओढले. ओढणी हलली नाही. पुन्हा ओढले. तिसऱ्यांदा तिने दोन्ही हातांनी ओढले, तेव्हा ओढणी निघाली आणि तिच्याबरोबर मातेचे केसही निघाले. आनंदमाता आपल्या पुनरुत्थित पुत्रासमोर पूर्ण टकली उभी होती. घंटा वाजवणाऱ्याला काय करावे कळेना, म्हणून तो वाजवत राहिला.

ध्वनिक्षेपक माझ्याजवळ होता. मी विचारले, "गाठ कोणी मारली?"

"मी," पेलाहिओ प्रभूच्या रथाशेजारून म्हणाला.

"कसली?"

"निरगाठ. वचनाची."

"आणि ती सुटणार कशी?"

"सुटू नये म्हणूनच असते ना, मोहेंग? तूच शिकवलीस."

मोहेंग हे माझे घरातले नाव. सगळा चौक हसला. बँडवाल्यांनी तोंडातली वाद्ये काढून हसून घेतले. मी त्याच ध्वनिक्षेपकावर म्हणालो, "आजपासून तुम्ही माझे दाजी नाही. आजपासून तुम्ही बंधू पेलाहिओ."

त्याने प्रभूची मूर्ती वाकते तसे कमरेतून वाकून सांगितले, "जशी आज्ञा, बंधू एर्मोहेनेस."

मी बोललो ते योग्यच होते, आवाज मोठा होता हे मान्य. आता, इतर लोक भांडले की एकमेकांना बंधू म्हणायचे सोडतात. आम्ही तेव्हापासून म्हणायला लागलो. संघाच्या बैठकीत तो म्हणतो, "बंधू एर्मोहेनेस, खिडकी उघडी आहे." मी म्हणतो, "बंधू पेलाहिओ, ती उघडीच असावी." आमच्या संघप्रमुख भगिनी एमेरेन्सियाना एकदा सर्वांदेखत म्हणाल्या, "या दोघांइतकं बंधुत्व इथं कुणातच नाही, देवा यांना थोडं कमी दे." त्यानंतरच्या सहा ईस्टरांच्या पहाटे मी मातेला त्या कमानीखाली आणले आणि त्याने पुत्राला. मूर्ती तीनदा वाकल्या. आम्ही दोघे दोन बाजूंनी रथांची चाके तपासत राहिलो. माझ्या चाकांना कधीच काही झालेले नव्हते. त्याच्याही नसणार, ती मीच बसवली आहेत.

त्या फजितीनंतर मातेला नवे केस कुठून आणावेत हा प्रश्न होता. आउरेआचे केस गुडघ्यांपर्यंत होते. मी कामावरून आलो तर ती कान उघडे टाकून तांदूळ निवडत बसली होती. मला म्हणाली, "बघत काय राहिलात? मला परत येतील. तिला कुठून येणार?" मातेच्या डोक्यावर आज आहेत ते केस माझ्या बायकोचे आहेत. ते खोबरेल तेलाने विंचरावेत, मोठ्या दातांच्या फणीने, खालून वर. व्यापाऱ्याला ही गोष्ट सांगू नये. तो त्यांचीही किंमत करील.

कलम पाचवे, माझ्या दफनाविषयी, आणि हेच मला खरे लिहायचे होते.

मला संघाचा तपकिरी झगा घालावा. बूट नकोत. कमरेला दोर. माझा नेहमीचा दोर आउरेआबरोबर गेला, कारण तिचा आयत्या वेळी सापडेना. म्हणून माझ्यासाठी नवा, कोरा दोर कपाटात वरच्या खणात ठेवला आहे, त्याला गाठी मारलेल्या नाहीत.

आउरेआ गेली त्या दुपारी मी तिच्या कमरेला माझा दोर बांधला. माझ्या कमरेच्या मापाने गाठी पार खाली लोंबत होत्या, ते तिला शोभेना. मी त्या सोडवून पुन्हा मारायला बसलो. सुटल्या, पण मारता येईनात. मी जीपनी बांधणारा माणूस, माझ्या हातांनी मला तोवर कधी नाही म्हटले नव्हते. तेवढ्यात पेलाहिओ आत आला. खुर्ची ओढून शवपेटीशी बसला, आणि तिन्ही गाठी मारल्या, सावकाश, मापात. मग उठून बाजूला झाला.

"बंधू, ओढून बघा."

मी एकेक ओढून पाहिली. एकही हलली नाही.

"ठीक आहेत," मी म्हणालो.

"मला ही एकच येते," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन कॉफी वाटू लागला.

तेव्हापासून मी ठरवले आहे, आणि आता कायद्याच्या भाषेत लिहितो: माझ्या दोराच्या तिन्ही गाठी पेलाहिओ मागसिनो यांनीच माराव्यात, अन्य कोणीही मारू नयेत. सियाच्या नावाने मालमत्ता असल्यामुळे तिच्या नवऱ्याला साक्षीदार करता येत नाही, नाहीतर या कागदावर पहिली सही त्यांचीच घेतली असती. त्यांना देण्यासारखी दुसरी कोणतीही वस्तू माझ्याकडे नाही. जी आहे ती मी सात वर्षे अडवून ठेवली आहे आणि ती लिहून देता येत नाही, तोंडानेच द्यावी लागते.

मनिलाहून मी चालत परत आलो, तर हे पाकीट न उघडता माझे मला द्यावे. मग एकवीस एप्रिलच्या पहाटे, माता आणि प्रभू तिसऱ्यांदा वाकले की, मी चाके न तपासता पुढे येईन आणि ती देईन. हे वचन आहे. सुरगाठीतले नव्हे.

परत आलो नाही, तर गाठी मारून झाल्यावर ओढून पाहायला मी नसेन. म्हणून सियाने त्या माझ्या वतीने ओढून पाहाव्यात, आणि माझ्याच वतीने, मोठ्याने, ध्वनिक्षेपकाशिवाय म्हणावे: "घट्ट आहेत, दाजी."

वर लिहिलेले सर्व मी स्वतः लिहिले, पुन्हा वाचले, आणि शुद्धलेखन तपासले.

ठिकाण: पुलांग बातो, माझे घर, मातेच्या खिडकीशी
दिनांक: ५ मार्च २०१९, मंगळवार, उद्या राखेचा बुधवार

(सही) एर्मोहेनेस कातापांग

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिले, मजकूर वाचलेला नाही. भगिनी एमेरेन्सियाना यांनी प्रयत्न केला:

१. (सही) एमेरेन्सियाना लांटिन, संघप्रमुख
२. (सही) क्रिसोस्तोमो आतिएन्सा, सभासद, लोमीबद्दल त्यास तोंडी सांगितले आहे