हरेशच्या कागदातला कोरा रकाना

१२ जाने., सोम.
ओपीडीत माझ्या समुपदेशनाच्या टेबलापासून रांग दारापर्यंत. हरेश, वय ३१, माथेरानच्या हॉटेलात स्वयंपाकी. रक्तात सिफिलिस. जखम आपोआप भरली म्हणून त्याला वाटलं, गेलं. दर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, आज पहिलं. बायकोलाही तपासायला हवं, मी फोन करू का, विचारलं. हात जोडले त्याने. "तुमी नका करू. घरात आई हाय. मीच सांगतो तिला."
बरं म्हटलं.

१९ जाने.
हरेश एकटाच. बायको माहेरी शेलूला गेलीय म्हणे. तिच्या नावाची तपासणीची चिठ्ठी दिली. त्याने घडी घालून पाकिटात ठेवली.

२७ जाने.
तिसरं इंजेक्शन. परत एकटा. जरा रागावले. त्याचा कोर्स संपला, आता कशाला फिरकतोय. तिला फोन लावावा असं दोनदा मनात आलं. पण शब्द दिलाय.

२४ मार्च
लेबर रूममधून सिस्टरचा निरोप. सातव्या महिन्यात मूल पोटातच गेलंय, आईला सिफिलिस निघालाय, बोलायला ये. संगीता, सासर खालापूरकडे. केसपेपरवर नवऱ्याचं नाव वाचलं. हरेश, माझाच पेशंट.
नंतर हरेशचा कागद काढला. 'पत्नी गरोदर आहे का?' कोरं. वरचं, खालचं सगळं माझ्या अक्षरात भरलेलं. जानेवारीत पाचवा लागला असेल. तेव्हा तिला इंजेक्शन मिळालं असतं तर कदाचित...

२५ मार्च
संगीताला पहिलं इंजेक्शन. मुलगी होती म्हणाली. दवाखान्यात गरोदरपणाची नोंद केली होती, रक्त तपासायचं मात्र सासर-माहेरच्या ये-जा करण्यात राहून गेलं. मग हळूच, "म्याडम, ह्यांना आधी म्हाईत होतं का?"
एका पेशंटचं दुसऱ्याला सांगता येत नाही. त्यांनाच विचारा म्हटलं. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. कळलं असावं.

२७ मार्च
हरेश आला. आपल्यालाही आत्ताच कळलं असं तिला सांगा, तुमचं ऐकेल ती, म्हणत होता. खोटं बोलणार नाही म्हटलं. रडला. रोज माथेरानवरून तिला फोन लावायचा, जेवलीस का विचारायचा आणि ठेवून द्यायचा. त्याला बोल लावायला मला तोंड कुठाय.
कोऱ्या रकान्याचं डॉक्टरांना सांगितलं. ते फार काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

१ एप्रिल
दोघं आले. दोघांच्या मधल्या खुर्चीवर तिची पिशवी. हरेशला म्हटलं, बोला. "जानेवारीतच मला..." एवढंच.
संगीताने त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळली.
"तुमी मला फोन का नाय केला?"
मी तिला इंजेक्शनच्या खोलीत घेऊन गेले.
दुसरं इंजेक्शन घेऊन ती एकटीच शेलूला गेली. हरेश पायरीवर बसून होता. तिसरं ८ तारखेला. तारीख सांगितली तेव्हा तिने हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.