तीन नंबर, मार्ग मोकळा

२ फेब्रुवारी

आज चौथा दिवस. दवाखान्यातून त्याचे बूट पिशवीत घालून दिले होते. सासूबाईंनी ते पुसले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. ओले बूट तसेच ठेवले की फुटतात, म्हणाल्या. आता कोण घालणार आहे ते, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

३ फेब्रुवारी

लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

तीस तारीख, सकाळचे पावणेनऊ. मी विमानतळाच्या मनोऱ्यात, जमिनीवरच्या विमानांच्या टेबलावर. कुणी कुठून वळायचं, कुणी कुठे थांबायचं, हे सांगणं माझं काम. बाहेर नुसतं पांढरं. विमानांना धावपट्टीकडे नेणाऱ्या टॅक्सीवेवरच्या पिवळ्या रेषा बर्फाखाली गेलेल्या. अशा दिवशी डोळे असून नसल्यासारखे, सगळा कारभार कानांवर. अकरा विमानं रांगेत. पंखांवर बर्फ धरू नये म्हणून औषध मारतात, ते वीस-पंचवीस मिनिटं टिकतं. तेवढ्यात उडालं नाही तर मागे जाऊन सगळं पहिल्यापासून. त्यामुळे जो तो घायकुतीला आलेला.

तो तीन नंबरची, बर्फ हटवायची गाडी चालवत होता. कामावर आम्ही नवरा-बायको नसायचो — मी मनोरा, तो तीन नंबर. तो रेडिओवर म्हणाला, 'तीन नंबर, मार्ग मोकळा.' मी रांगेतल्या पहिल्या विमानाला म्हटलं, पुढे या.

पंखाचं टोक त्याच्या केबिनमध्ये घुसलं.

५ फेब्रुवारी

रडू येत नाही. भूक मात्र लागते. लाज वाटते.

६ फेब्रुवारी

बर्फगाड्यांचे मुकादम आणि त्याच्या टोळीतले चौघे येऊन गेले. बसले, चहा घेतला, जमिनीकडे बघत राहिले. सगळ्यांचं एकच — पायलट रेषा चुकला. 'नवशिका आहे हो, वहिनी. बर्फात सरकला असेल बाजूला.' गाडी नेमकी कुठे उभी होती हे आता कुणालाच सांगता येणार नाही. त्याला बाहेर काढताना गाडी ओढली, आणि तासाभरात खुणांवर वीतभर बर्फ पडला.

सासूबाई म्हणाल्या, 'माझ्या लेकानं वीस वर्षांत एक चूक केली नाही.'

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

८ फेब्रुवारी

नियम एका ओळीचा आहे. गाडीचं शेवटचं चाक रेषेपलीकडे गेलं, की मगच 'मोकळा' म्हणायचं.

तो आधीच म्हणायचा. गाडी वळवली, पुढची चाकं बाहेर पडली, की लगेच — 'मार्ग मोकळा!' मागची आठ-दहा पावलं गाडी अजून आतच. स्वच्छ हवेत मी काचेतून कितीदा पाहिलंय. घरीसुद्धा तेच. मी दारावर थाप मारली की न्हाणीघरातून ओरडायचा, 'तीन नंबर, मार्ग मोकळा', आणि आत नळ चालूच. सासूबाई आणि मी पोट धरून हसायचो.

मला माहीत होतं. हसून सोडून दिलं. एकदाही लेखी तक्रार केली नाही. नवऱ्याची तक्रार कोण करतं?

आणि त्या दिवशी काचेतून काही दिसत नव्हतं.

१० फेब्रुवारी

दुपारी तो पायलट आला. एकटाच. टोपी हातात घेऊन दारातच उभा. सासूबाई उठून आतल्या खोलीत गेल्या, दार लावून घेतलं.

म्हणाला, 'मी चालत्या माणसाच्या वेगानं आणत होतो, ताई. तपासणीची यादी विमान उभं असतानाच वाचलेली, आम्हा दोघाही पायलटांचे डोळे बाहेर होते. एकदा रेषेची शंका आली तर थांबून विचारलंही तुम्हाला.' खरं आहे. विचारलं होतं. 'तरी मीच चुकलो असेन का?'

झोपलेला दिसत नव्हता कित्येक दिवस. मी म्हटलं, 'माहीत नाही.'

त्यानं मान डोलावली, बूट झाडले आणि गेला. इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

१३ फेब्रुवारी

चौकशी झाली. साहेब सौम्य होते. विचारलं, 'पूर्ण बाहेर पडायच्या आधीच मोकळा म्हणायची त्यांना सवय होती का?' दोनदा पाणी प्यायले. मग सांगितलं. होती. मला ठाऊकही होती.

माझं टेबल काढून घेतील. घेऊ देत.

घरी येऊन सासूबाईंना मीच सांगितलं, बाहेरून कळण्यापेक्षा. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, 'मेलेल्याला उत्तर देता येत नाही. म्हणून त्याच्यावर ढकललंस.'

१४ फेब्रुवारी

बोलत नाहीत. ताट वाढून ठेवलं की मी उठेपर्यंत शिवत नाहीत.

१६ फेब्रुवारी

नणंद येऊन त्यांना घेऊन गेली. जाताना बूटही नेले. घर खायला उठतं म्हणतात, ते काय असतं ते आज कळलं.

२० फेब्रुवारी

आज रडले. आणि रडता रडता त्याचा भयंकर राग आला. चार-पाच सेकंद! तेवढे थांबला असता तर आज समोर बसून माझ्या चहाला नावं ठेवत असता. कसली एवढी घाई होती? कुणी मागे लागलं होतं का? त्याच्या मूर्खपणापायी मी खरं बोलून वाईट ठरले, आणि तो फोटोत हसतोय.

२४ फेब्रुवारी

मुकादम त्याचं कपाट रिकामं करून सामान द्यायला आले. न राहवून विचारलं, त्याला ही खोड लागली कशी? त्यांनी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. मग म्हणाले, 'वहिनी, आधी नव्हती. शेवटचं चाक बाहेर पडल्याशिवाय तोंड उघडायचा नाही, आम्हीच वैतागायचो त्याच्यावर. तुम्ही त्या टेबलावर आलात, त्या थंडीपासून सुरू झालं. म्हणायचा, रांग तुंबली की हिचा आवाज कापरा होतो. तेवढेच चार-पाच सेकंद वाचतात तिचे.'