शाफ्टवरचा हार

बाबा, काल कापसाच्या जिनात यंत्रं फिरवणाऱ्या शाफ्टला जाळी बसली. रांगभर, छातीइतकी उंच लोखंडी जाळी. तिच्यासाठी मी दोन हंगाम फाटकावर घसा फोडला. हलकं वाटलं, एवढंच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली.

तुम्ही तिथले मिस्त्री, आणि आई रेच्यात, सरकी काढायच्या यंत्रात, कापूस घालायची. बायका उभ्या राहत तिथून शाफ्ट हातभर अंतरावर फिरायचा. म्हणून तुम्ही त्यांना पदरावरून जुनं फडकं बांधायला लावलं होतं, ओढताच सुटेल अशा गाठीनं. मशीननं धरलं तर फडकं जाईल, बाई राहील. अजून दिसतं, सकाळी इंजिन सुरू होण्याआधी तुम्ही रांगेतून फिरता आहात, "गाठ दाखव वं बाई," आणि कोणीतरी हसून म्हणतेच, "मिस्तरी, घरवालीची पाह्यली काय पयले?"

त्या वर्षी खंडेनवमीला शाफ्टवर झेंडूचे हार चढले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हंगाम सुरू होणार, म्हणून तुम्ही विळा घेऊन हार कापायला गेलात, तर मुकादम आडवा आला. "देवाचा हार हाये, मिस्तरी. आपोआप पडू द्या." मालकानंही मान डोलावली. आणि मी, पुस्तकं वाचून पेटलेला, दसऱ्याच्या संध्याकाळी बाजारातल्या ओट्यावरून गर्जत होतो: मालक साधा हार काढणार नाही, आणि बाईनं स्वतःला बांधून घ्यायचं? फडकं नव्हे, वेसण आहे ही! फेकून द्या! टाळ्या पडल्या. घरी भाकरी मोडता मोडता तुम्ही एवढंच म्हणालात, "भाषण चांगलं झालं. पण शाफ्टले थोडंच ऐकू येते?"

सकाळी अर्ध्या बायका फडक्याविना आल्या. तुम्ही मुकादमाशी भांडत असतानाच इंजिन सुरू झालं. हाराचा दोरा सुटून गरगर फिरला आणि त्यानं आईचं फडकं ओढलं. गाठ सुटली. पट्टा उतरवून शाफ्ट थांबवेपर्यंत फडक्याच्या चिंध्या झाल्या होत्या. आई तशीच उभी, हातात कापूस. "मले काई नाई झालं," ती तुम्हालाच समजावत होती, कारण खाली तुम्ही बसला होतात.

त्या दुपारीच सगळे हार निघाले. माझ्यावर तुम्ही रागावला नाहीत. उलट गावभर कौतुकानं सांगत राहिलात, "पोराच्या भाषणाले माह्या घरवालीनं भीक घातली नाई." मी ऐकून घेत राहिलो. आई गेल्या माघात गेली, म्हातारी होऊन, दोन्ही हात धड.

खरं असं की त्या सकाळी तिनंही फडकं खुंटीवरच ठेवलं होतं. "माहं पोरगं एवढं बोललं, अन् मीच बांधू काय?" दारात अडवून ते मी बांधलं. म्हणालो, "तू बांध, माय. बाकीच्यायचं सोड."

बाकीच्यायचं सोड, असं म्हणालो होतो मी, बाबा. तिनं हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी आज लिहितोय, तेही पत्र टपालात पडणार नाही हे ठाऊक आहे म्हणून.