मुद्देमालातला बाळकृष्ण

रत्नागिरी,
श्रावणातला पहिला सोमवार

ती. वन्संच्या चरणी हेमाचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मंडणगडच्या चढणीवर ते कुरकुरणारच. तिळाचं तेल कोमट करून लावत जा, ती महागडी मलमं आणू नका. इकडे सगळं ठीक, म्हणजे मी थकले आहे आणि ह्यांना ते दिसत नाही. आईंच्या वर्षश्राद्धात आपलं वाजलं तेव्हापासून बोलणं नाही, तरी ही हकीकत कळवायलाच हवी, कारण ती घरच्या देवाची आहे.

गेल्या महिन्यात आम्ही पावसला दर्शनाला गेलो होतो (एस.टी.ने, रिक्षावाला सांगेल ते द्यायला आपण काही बागायतदार नव्हे). तेवढ्यात मागच्या दाराने चोर शिरला आणि देव्हाऱ्यातला चांदीचा रांगता बाळकृष्ण व ओट्यावरचा नवा कुकर घेऊन गेला. जयगडच्या रस्त्यावर तो दोन्ही वस्तूंसकट सापडलाही. कुकरची पावती मी जपून ठेवलेली, त्यामुळे कोर्टाचा कागद होऊन कुकर घरी आला. बाळकृष्णाची पावती कुठून आणू? आईंच्या सासूबाईंकडून आलेला देव, त्याची पावती कोण देणार? तर तो अजून ठाण्यात, मुद्देमालाच्या खोलीत आहे. गळ्यात नंबराची चिठ्ठी, एका बाजूला कोयता, दुसऱ्या बाजूला गावठी दारूचा कॅन. (कॅन तरी हलवा म्हटलं, तर तोही पुरावा आहे म्हणतात.) नैवेद्याला लोण्याची वाटी घेऊन गेले तर भास्कर हवालदार (माणूस वाईट नाही, माझ्याइतकाच दमलेला) म्हणाले, "काकू, त्यांचा जन्मच कोठडीतला. त्यांना सवय आहे." पण अष्टमीला इकडे पाळणा रिकामा हलवायचा, या विचाराने माझ्या घशाखाली उपासाची भगरसुद्धा उतरत नाही.

अशात पेपरात आलं की पोलिसांवर देखरेख कोणी आणि कशी ठेवावी, त्यांच्या कारभारात काय सुधारावं, याबद्दल नागरिकांच्या सूचना ऐकायला मुंबईहून समिती येणार आहे. मी मॅट्रिक झालेली बाई, सूचना करू शकते. समिती आली त्या दिवशी हॉलमध्ये जाऊन ओळीत उभी राहिले. सूचना साधी होती: पकडलेले देव आठ दिवसांत घरी पोचवावेत, आणि तोवर त्यांच्याजवळ दारू ठेवू नये.

माझ्यापुढे धाकूआजोबा होते, वरच्या गावातले. त्यांची सायकल ठाण्यामागे गंजत पडली आहे. त्यांना माईक दिला, तर त्यांनी टोपी सारखी केली, डोळे मिटले आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणंच सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ही लेकरां आज तुज्या पायाशी गोळा झालीत रे म्हाराजा!" आता तुम्हाला ठाऊक आहे, इतकं कानावर पडल्यावर आपल्याकडचा माणूस गप्प बसत नाही. अख्खा हॉल म्हणाला, "व्हय म्हाराजा!" सायकल मिळू दे, व्हय म्हाराजा. साहेबाला सद्बुद्धी दे, व्हय म्हाराजा. दाराशी बंदोबस्ताला उभे असलेले शिपाईही म्हणाले. तेही आपल्याच गावांतले. मीही हात जोडून, डोळे मिटून म्हणत होते.

एवढ्यात समितीच्या अध्यक्षांनी (निवृत्त अधिकारी, जेवायची वेळ टळत चाललेली) आभाराचा म्हणून कागद वाचायला घेतला. वाचताना ते नेमके गाऱ्हाण्यासारखे वाक्यावाक्याला थांबत होते. शहरातले नागरिक पोलिसांच्या कामाबद्दल समाधानी आहेत. व्हय म्हाराजा! वेगळ्या देखरेखीची गरज दिसत नाही. व्हय म्हाराजा! सर्व तक्रारींचं निरसन झालेलं आहे. व्हय म्हाराजा! वन्सं, हे शेवटचं मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. डोळे उघडले तेव्हा टाळ्या चालल्या होत्या. मी सूचना सांगायला पुढे झाले, तर अध्यक्ष हसून म्हणाले, "ताई, आत्ताच एकमताने मंजूर केलंत ना?" धाकूआजोबा मात्र खूश. त्यांचं म्हणणं, गाऱ्हाणं घातलंय, आता देव बघेल. देव कुठे आहे ते मी त्यांना सांगितलं नाही.

घरी आले आणि कुकरमध्ये मूगडाळीची खिचडी लावली. (भगर पुन्हा शिजवायचा कंटाळा आला होता, उपास मोडला, बाळकृष्ण बघत नव्हता.) ह्यांना सारं सांगितलं. हे म्हणाले, कुकर तरी मिळाला.

तुमची
हेमा

ता. क. भास्कर हवालदार म्हणतात, पावती नसेल तर मालकाचा देवासोबतचा जुना फोटो चालेल. बाळकृष्ण ओळखू येईल असा घराण्यात एकच आहे: परकर-पोलक्यातल्या तुम्ही अष्टमीला त्याला पाळण्यात घालताय तो. तुमच्या ट्रंकेत असेल.

आणखी ता. क. फोटोतल्या माणसाला समक्ष यावं लागतं, ताबा त्याच्याच नावाने मिळतो. म्हणजे वर्षश्राद्धात तुम्ही म्हणत होतात तेच, बाळकृष्ण तुमचा. कागदोपत्री मान्य. अष्टमीच्या आत या, पाळणा घासून ठेवला आहे. पुढे तो मंडणगडला जाणार की इथे राहणार, यावर आपण दोघी पोटभर भांडू. निदान आपल्या घरात कुणी "व्हय म्हाराजा" म्हणणार नाही.