पिकअपखालचा तडा

मी, चांगदेव बाळाराम केणे, वय ६३, धंदा गॅरेज, राहणार सोनारपाडा, डोंबिवली पूर्व, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, माझ्या पश्चात काय व्हावे ते येथे लिहून ठेवतो. सोमवारी माझी बायपास आहे. तिला मी फारसा घाबरत नाही. मला भीती आहे ती कलम तीनची.

१. राहते घर पत्नी सौ. नंदा हिला हयातभर, व तिच्यानंतर मुलगा सिद्धेश यास मिळावे. पुढच्या दाराचा रंग तिनेच ठरवावा. तीस वर्षे मी तिला ठरवू दिलेला नाही.

२. गॅरेज व हत्यारे सिद्धेशला. इंजिन उचलायची चेनपुली मात्र प्रशांत तळेकर याची आहे. सात वर्षांपूर्वी आमची भागीदारी मोडली तेव्हा मी ती रागाने ठेवून घेतली. ती परत करावी. त्याला दुसरे काही देत नाही. तो साक्षीदार आहे, आणि नसता तरी दिले नसते.

३. पिकअप कोणालाही देत नाही. ती कापून भंगारात घालावी. कारण लिहिणे भाग आहे. तिचे जुने इंजिन जाम झाल्यावर मी मोडीत निघालेल्या एका मोठ्या गाडीचे इंजिन तिच्यात बसवायला घेतले. त्याचे ऑइल चेंबर खालच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे चासीच्या आडव्या दांड्याला, अडत होते. प्रशांत म्हणाला, "चांग्या, तो कापू नको. पुढची चाकं त्याच्या जिवावर हायेत." तो जेवायला गेला तेवढ्यात मी कापला, वाकवलेला तुकडा वेल्ड केला, पुट्टी भरून काळा रंग मारला. भागीदारी त्यावरच मोडली. केण्याचे वेल्डिंग सुटत नाही, असे मी गावभर सांगत राहिलो.

गेल्या महिन्यात त्या रंगाखाली केसाएवढा तडा दिसला. सिद्धेश तीच गाडी माल भरून माळशेज घाटातून नेतो. त्याला सांगायला माझी जीभ रेटत नाही. तो परत येईपर्यंत मी दारातून हलत नाही. म्हणून येथे लिहिले.

साक्षीच्या सहीसाठी बोलावलेल्या प्रशांतने येथवर वाचून पेन खाली ठेवले. म्हणाला, "हा कागद तू मेल्यावर उघडणार. पोरगा आज घाटात चाललाय. आधी फोन लाव, मग सही करतो."

४. फोन लावला. सिद्धेश मुरबाडला चहाला थांबला होता. सगळे सांगितले. तो म्हणाला,

"बाबा, मला माहितेय. मी दिवाळीच्या आधीच बघितलेलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. घाटात हळू घेतो ना मी."

गाडी तिथेच सोड आणि एसटीने ये, असे त्याला बजावले आहे. मला वाटत होते, पोराला काही ठाऊक नाही. तो तर माझा मान राखायला त्या गाडीत बसत होता. माझ्या पश्चात किंवा आधी, सिद्धेशने माझा असला मान पुन्हा राखू नये. हे कलम आजपासून लागू.

साक्षीदार:
१. प्रशांत तळेकर
२. संचिता भोईर, शेजारी

स्थळ: सोनारपाडा, डोंबिवली पूर्व
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५. लिहायला घेतले सकाळी दहाला. आम्ही तिघांनी सह्या केल्या सायंकाळी पावणेसहाला, सिद्धेश दारातून आत आल्यावर.

सही: चांगदेव बाळाराम केणे