मायनस फोर्टी आणि तीन चंदेरी जॅकेटं

मी, ईरा हेमचंद्र टिकेकर, वय सव्वीस, व्यवसाय पाण्याखालच्या आवाजांचे मापन, राहणार हॅलिफॅक्स, नोव्हा स्कोशिया, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करून करीत आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. याबद्दल माझ्या भावाचे मत वेगळे आहे, पण ते कायद्याने ग्राह्य नाही. मला कोणी धाक दाखवलेला नाही. पुढच्या आठवड्यात मी बोटीने आर्क्टिकला जात आहे, आणि आमच्या संस्थेत बोटीवर चढण्यापूर्वी प्रत्येकाने मृत्युपत्र करावे असा सल्ला देतात. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

इंग्रजी प्रत सोबत जोडली आहे. तिच्यात मालमत्ता तीच आहे, मजकूर कमी आहे.

१. साक्षीदार. हे कलम साधारणपणे शेवटी असते. मी ते वर आणले आहे, कारण बाकी सगळे त्याच्यावर अवलंबून आहे.

माझे साक्षीदार दोन: माझी आई उल्का टिकेकर, जी ग्वेल्फमध्ये फार्मसिस्ट आहे, आणि शीलामावशी, म्हणजे शीला सबनीस, जी इथे बंदरापलीकडे डार्टमथला राहते आणि मुलांना गाणे शिकवते. दोघी एके काळी मैत्रिणी होत्या. १९९७ च्या मे महिन्यापासून त्या एकमेकींशी बोललेल्या नाहीत.

कायदा असा आहे की मी सही करताना दोन्ही साक्षीदार एकाच वेळी माझ्यासमोर हजर हवेत. एक आज आणि एक उद्या असे चालत नाही. शिवाय साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही ठेवले तर ते त्याला मिळत नाही. म्हणून मी आईला आणि शीलामावशीला काहीही ठेवलेले नाही. हा राग नाही, अट आहे. साक्षीदाराच्या नवऱ्यालाही काही मिळत नाही, त्यामुळे बाबा, सॉरी. बर्फ शोव्हल करायचे माझे चांगले फावडे तुम्हाला हवे होते हे मला माहीत आहे. ते आत्ताच घेऊन जा.

दोघींपैकी एक जरी सही न करता उठली तरी हा कागद रद्दी आहे आणि मी मृत्युपत्राशिवाय बोटीवर चढेन. सहीपूर्वी मजकूर वाचणे साक्षीदारावर बंधनकारक नाही. मी तो वाचायला सांगत आहे. मोठ्याने, आळीपाळीने. आईने सुरुवात करावी, ती वयाने मोठी आहे. (चार महिन्यांनी. मावशी, याच्यावर वाद नको.)

२. व्यवस्थापक म्हणून मी यशोधरा भगवान गजभिये, राहणार रेजिना, यांना नेमते. यशोधरामावशी सरकारी हिशेब तपासते आणि या प्रकरणात ती एकटीच दोघींशी बोलते. फोनवर मी तिला योजना सांगितली तेव्हा ती म्हणाली, "दोघींना एका खोलीत? मग तीन प्रती काढ. एक फाटेल."

तीन प्रती काढल्या आहेत.

३. माझी बचत, म्हणजे बँकेत जे काही असेल ते, माझा भाऊ तनय याला. सोबत माझे विंटर टायर्सही त्यालाच. ते त्याच्या गाडीला बसत नाहीत. याच तनयने मी घरी नसताना माझा ऑसिलोस्कोप जुना टीव्ही समजून रस्त्याच्या कडेला ठेवला आणि वर "फ्री" असा कागद चिकटवला. मी विचारल्यावर म्हणाला, "इट लुक्ड सॅड, ताई." टायर्स त्याने बेसमेंटमध्ये ठेवावेत आणि अधूनमधून त्यांच्याकडे बघावे.

४. सोल्डरिंगची हत्यारे, मोजमापाची उपकरणे, पाण्याखालचे ऐकायचा माझा हायड्रोफोन आणि प्रेशर कुकर माझी रूममेट गौरांगी हिला. कुकरची शिट्टी नादुरुस्त आहे असे ती म्हणते. ती नादुरुस्त नाही. तिचा सूर बदललेला आहे, एवढेच.

५. आता मुख्य मालमत्ता. माझ्याकडे 'मायनस फोर्टी' या गटाची मूळ टेप आणि त्यांच्या 'शोव्हल कर' या कॅसेटच्या त्रेचाळीस प्रती आहेत. त्रेचाळीसपैकी एकेचाळीस प्रतींचे प्लास्टिक अजून काढलेले नाही.

मायनस फोर्टी म्हणजे उल्का, शीला आणि यशोधरा. तिघी रेजिनात वाढल्या, एकाच विद्यापीठात शिकल्या. नाव यशोधरामावशीने सुचवले: उणे चाळीसला सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच होतात, तशा आपण. शीला मुख्य गायिका, आई दुसरा आवाज, यशोधरा कीबोर्ड. शीर्षकगीत एका आळशी मुलाला उद्देशून आहे, ज्याच्या दारातला बर्फ त्याची आई काढते. ध्रुवपद मराठी, कडवी इंग्रजी. कॅसेट डिसेंबर १९९६ मध्ये निघाली, चारशे प्रती.

तेव्हा रेजिनातले एक रेडिओ केंद्र गावातल्या दुकानांची विक्री जोडून दर शुक्रवारी पहिल्या वीस कॅसेटींची यादी वाचून दाखवत असे. यशोधरामावशीने त्या याद्या जपून ठेवल्या होत्या. मी 'शोव्हल कर'चे क्रमांक आलेखावर मांडले, कारण माझे काम तेच आहे: लांबून आलेल्या आवाजाचा आलेख बघायचा आणि खाली व्हेल आहे की जहाज ते ओळखायचे.

डिसेंबरमध्ये एकोणिसावा क्रमांक. मग यादीबाहेर. मग जानेवारीच्या मध्यावर एकदम पहिला, आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पहिलाच. पुढच्या शुक्रवारी यादीत नावच नाही. मग एप्रिलच्या मध्यावर अचानक तिसरा, एकच आठवडा. त्यानंतर कायमची शांतता.

गाण्याची लोकप्रियता अशी चढत नाही आणि अशी पडत तर नाहीच. मी आलेखाशेजारी त्या वर्षीचे पंचांग ठेवले. पहिला क्रमांक संक्रांतीला सुरू होतो आणि रथसप्तमीला संपतो.

मी रेजिनाला आजीला फोन केला. आजी म्हणजे आईची आई, प्रमिला जनार्दन रेगे. तिने काहीच लपवले नाही, कारण लपवण्यासारखे काही आहे हेच तिला ठाऊक नव्हते.

"अगं, हळदीकुंकवाला मीच वाण दिलं ना त्यांचं! दर वर्षी मेल्या त्या चाळण्या नि प्लास्टिकचे डबे. म्हटलं, यंदा पोरींची कॅसेट."

"पण आजी, घरात खोका भरून कॅसेटी होत्या."

"घरातली वस्तू वाण म्हणून देतात का? वाण विकत आणायचं असतं. दुकानात गेले आणि होत्या तेवढ्या घेतल्या. दुकानदार म्हणाला, पुढच्या आठवड्यात आणखी मागवतो. म्हटलं, मागव."

"आणि मग?"

"मग काय! मी दिल्यावर बाकीच्या गप्प बसतायत होय? रथसप्तमीपर्यंत ज्या घरी गेले त्या घरी तेच वाण. मलाच सात मिळाल्या."

एप्रिलचा खुलासा यशोधरामावशीने केला. तिची आई गंगुबाई आंबेडकर जयंतीला येणाऱ्या प्रत्येकाला एक पुस्तक देत असे. "त्या वर्षी आई म्हणाली, पुस्तक तर देतोच, सोबत आपल्या लेकींची कॅसेट देऊ. चौदा एप्रिल. बघ, बसतं का तुझ्या आलेखात."

बसते.

६. त्रेचाळीस कॅसेटी मी आजीला ठेवते. पुढच्या संक्रांतीला तिने त्या लुटाव्यात. विकत आणलेल्या नाहीत ही तिची हरकत मी विचारात घेतली आहे. त्यासाठी मृत्युपत्रातून मिळालेली वस्तू ही घरातली वस्तू समजू नये असे मी इथे जाहीर करते.

७. हे कलम मी दोनदा लिहिले आणि दोनदा काढून टाकले.

पहिला क्रमांक आल्यावर टोरांटोहून एका कंपनीच्या माणसाचा फोन आला. शीलामावशीने नर्सिंगची जागा सोडली आणि ती मार्चमध्ये टोरांटोला गेली. तिथे तिला कोणी ओळखत नव्हते, आणि त्या माणसाने तिसऱ्या भेटीनंतर फोन उचलणे बंद केले. मेच्या लाँग वीकेंडला ती एका लग्नासाठी रेजिनाला परत आली. पाहुण्यांची सोय घराघरांत केलेली होती. ती ज्या घरी उतरली तिथे टीव्हीखाली आठ कॅसेटी होत्या, प्लास्टिकसकट, वर हळदीची बोटे. शेजारच्या घरी सहा.

मांडवात तिने आईला गाठले. पुढचे संभाषण यशोधरामावशीने ऐकले आणि मला जसेच्या तसे सांगितले.

"उल्के, हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तू मला जाऊ दिलंस?"

"तू विचारलंस कुठे?"

संपले. अठ्ठावीस वर्षे.

शीलामावशीने त्यानंतर नर्सिंग केले नाही. हॅलिफॅक्सला नोकरी लागल्यावर मी तिला शोधून काढले, आणि आता दर रविवारी फेरीबोटीने पलीकडे जाऊन तिच्याकडे जेवते. आईला मी हे कधी सांगितले नाही. आईने कधी विचारले नाही. फक्त गोडा मसाला दोन डब्यांत पाठवते आणि म्हणते, "एक जास्त झाला तर दे कुणाला तरी." मावशी रिकामा डबा परत देत नाही, कधी नारळाच्या वड्या, कधी चिवडा. तो मी ग्वेल्फला नेते. आई खाते, म्हणते, "मीठ कमी आहे. कुणी केलाय?" आणि उत्तराची वाट न बघता उरलेला डब्यात बंद करून ठेवते. तनयला हात लावू देत नाही.

मावशीला मी एकदा विचारले की अजून राग आहे का. ती म्हणाली, "राग कॅसेटींचा नाही गं. प्रमिलाकाकूंनी कौतुकानंच केलं. पण उल्काला माहीत होतं. मी तिकडे लोकांना माझी ओळख करून देत फिरत होते, आमचं गाणं एक नंबरला होतं म्हणून, आणि हिला माहीत होतं."

माझे म्हणणे असे आहे की आईला माहीत नव्हते.

पुरावा एक: ते हळदीकुंकू झाले तेव्हा आई परीक्षेसाठी सॅस्कटूनला होती. आजी म्हणते, "तिला कशाला सांगायचं? वाण काय दिलं हे कुणी परीक्षेत विचारतं?"

पुरावा दोन: ग्वेल्फच्या बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या फर्नेसमागे, मला तीन चंदेरी जॅकेटं सापडली. आईने ती फेब्रुवारी १९९७ मध्ये, पहिला क्रमांक असताना, शिंप्याकडे मापे देऊन शिवायला टाकली. जूनमध्ये गावात होणाऱ्या उत्सवात तिघींनी घालायची म्हणून. कॉलरच्या आत नावे शिवलेली आहेत. ती मेमध्ये तयार झाली, लग्नानंतर आठवड्याने. एक यशोधरामावशीचे, एक आईचे, एक शीलामावशीचे. एकही कधी घातलेले नाही.

सगळे खोटे आहे हे ज्याला माहीत असते तो तीन जॅकेटं शिवून घेत नाही.

मग आई "होतं" असे का म्हणाली? याला पुरावा नाही, अनुमान आहे. भर मांडवात, आपणही फसलो, आपणही स्वतःला स्टार समजत होतो, हे कबूल करण्यापेक्षा लबाड ठरणे तिला सोपे वाटले असावे. मी तिची मुलगी आहे. मलाही तेच सोपे वाटले असते.

८. मूळ टेप यशोधरामावशीला. मी ती स्वच्छ करून संगणकावर उतरवली आहे. शीर्षकगीत सुरू होण्यापूर्वीचा थोडा भाग कॅसेटवर घेतलेला नव्हता. तो टेपवर आहे. त्यात शीलामावशी म्हणते, "उल्के, तू परत वर गेलीस." आई म्हणते, "मी नाही वर गेले, तू खाली आलीस." मग कोणीतरी कीबोर्डवर एकच स्वर दाबून धरते, आणि दोघी हसत सुटतात. मी स्वर मोजला आहे. कोण चुकले ते मला माहीत आहे. या मृत्युपत्रात ते लिहिणार नाही.

९. विक्रीबद्दल अखेरची नोंद. एकूण खपलेल्या प्रतींतून आजीच्या, तिच्या मैत्रिणींच्या आणि गंगुबाईंच्या प्रती वजा केल्या, नातेवाईकही वजा केले, तरी एकसष्ट प्रती उरतात. त्या कोणी घेतल्या याचा कुठेही हिशेब लागत नाही. संक्रांत नव्हती, जयंती नव्हती. रेजिनाच्या थंडीत एकसष्ट अनोळखी माणसे दुकानात आली आणि पैसे देऊन हे गाणे घरी घेऊन गेली. माझ्या क्षेत्रात गोंगाट वजा केल्यावर जे उरते त्याला संकेत म्हणतात.

१०. चंदेरी जॅकेटं माझ्या मालमत्तेत मोडत नाहीत. ती आईची आहेत, म्हणून त्यांचे वाटप मी करू शकत नाही आणि केलेले नाही. त्यांपैकी दोन सध्या कुठे आहेत एवढेच मी नमूद करते: तुम्ही बसला आहात त्या खोलीतल्या कपाटात, डावीकडे. बाबांनी गाडीच्या डिकीतून आणली, आईला न सांगता. तिसरे कुरियरने रेजिनाला पोचले आहे.

११. माझे दहन करावे. अस्थी कुठे विसर्जित कराव्यात याबद्दल माझा आग्रह नाही. मात्र बंदरात करू नयेत, तिथे माझी उपकरणे आहेत.

वरील मजकूर माझा आहे, मला समजलेला आहे, आणि यातील एकही शब्द मला बोटीवरून परत आल्यावर ऐकवला जाऊ नये अशी माझी इच्छा आहे. आता मी सही करीत आहे. दोघीही खोलीत आहेत. आई खिडकीपाशी उभी आहे, पण खोलीत आहे.

ईरा हेमचंद्र टिकेकर
हॅलिफॅक्स, १२ जुलै २०२५

आम्ही दोघी एकाच वेळी हजर असताना ईराने आमच्यासमोर सही केली, आणि तिच्यासमोर व एकमेकींसमोर आम्ही सही करीत आहोत.

साक्षीदार पहिली: उल्का हेमचंद्र टिकेकर, ग्वेल्फ
(हाताने लिहिलेले) मला माहीत नव्हतं.

साक्षीदार दुसरी: शीला सबनीस, डार्टमथ
(हाताने लिहिलेले) सही करताना जॅकेट अंगात आहे. बटणं लागत नाहीत. उल्काचीही लागत नाहीत.