नारळानंतरचा जबाब

१२ नोव्हें.
काल पालीत माझ्या गाडीने हलीमाचाचीला पाडलं. बघ, लिहितानाही गाडीवर ढकलतेय. मी पाडलं. बाजारातून निघताना कडेची गाडी रस्त्यावर घेतली, आरशात बघितलंच नाही. मागून तिचा मुलगा निसार स्कूटरवर, चाची त्याच्या मागे. निसारला नुसतं खरचटलं. तिचं उजवं मनगट मोडलं. त्याच हाताने ती बाजारात मासे कापते.
दवाखान्यात निसारचं एकच, "बाय, पोलिसात नको. पुढच्या महिन्यात कतारला चाललोय, ड्रायव्हरच्या नोकरीवर. आता माझं नाव कुठल्या कागदावर नको." मी हो म्हटलं. सुटल्यासारखं वाटलं का? वाटलं.

१४ नोव्हें.
गावातच मिटलं. त्यांच्या जमातीचे दोघे, आमच्या देवळाचे मानकरी गावकर, देवळापुढे नारळ. गावकरांनी गाऱ्हाणं घातलं: हिच्या हातून झाली ती चूक पदरात घे, बाईचा हात सरळ कर, पोराची वाट मोकळी कर. सगळे "व्हय महाराजा!" जमातीचे एक चाचाही, हळूच.
येताना माझा नवरा अवि म्हणाला, "नारळ फुटला, विषय संपला. आता बायकोबरोबर जेवायला मोकळा."
गंमत वाटते. देवापुढे माझी चूक मोठ्याने बोलली गेली. सरकारला मात्र पत्ताच नाही.

१७ नोव्हें.
मोबाइलवर माझं लायसन्स उघडून बघत बसले. तेविसाव्या वर्षीचा फोटो, कानात ते लांब डूल. रक्तगट. दंड, गुन्हे: काही नाही. अठरा वर्षांत दोन कोंबड्या, एक कुंपण, आता चाची. तरी कोरं. कोण ही बाई?
आरटीओत ओळखीचे क्लार्क आहेत. त्यांना विचारलं, "एका मैत्रिणीकडून अपघात झाला, तिने कळवलं नाही…"
"कुणी जखमी असेल तर चोवीस तासांत पोलिसांना कळवायला हवं होतं मैत्रिणीने. गुन्हा नोंदला तर लायसन्स काही महिने निलंबितही होऊ शकतं." मग चष्म्यावरून बघत, "मैत्रिणीच्या आई दापोलीला असतात ना? दर रविवारी गाडीने जाते ती?"
मोबाइल पर्समध्ये टाकला नि निघाले.

२१ नोव्हें.
चाचीकडे गेले. निसार चहाची पूड आणायला गेला तशी ती पुढे सरकली.
"पोलिसात लिहिलंस?"
"नाही. नारळ ठेवला ना…"
"ठेवला. मला कुणी विचारलं?"
खरंच. त्या दिवशी देवळापुढे सगळे होते, चाची सोडून. मला तेव्हा हे जाणवलंही नाही.
प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं तिने मिटून दाखवली. दोन मिटत नाहीत. "उद्या हात असाच राहिला नि कुणी विचारलं, तर काय सांगू? घाटावर घसरले?"
"पण निसारचं जाणं…"
"निसार माझा पोर. हातपण माझाच."
निसार आला. चाचीने हात पदराखाली घेतला.

२२ नोव्हें.
पोलिसात जाते म्हणून अविला सांगितलं. आधी चिडला. मग म्हणाला, "लायसन्स गेलं तर आईकडे एसटीने जाशील?"
"जाईन."
"नि त्या पोराने काय करायचं?"


२४ नोव्हें.
पो. स्टे.मधल्या बाकावरून.
हवालदारांनी ऐकून घेतलं. "इतके दिवस काय करत होतात?"
"नारळ ठेवला होता."
"नारळाला आमच्याकडे रकाना नाही, मॅडम." हसले, पण खवचटपणे नाही. मग पुढचा प्रश्न: स्कूटर कोण चालवत होतं?
मी विचारलं, चालवणाऱ्याचं काय होईल? "त्याचं काय व्हायचंय? आरोपी तुम्ही. तो साक्षीदार, त्याच्या नावाला डाग नाही. पण जबाब लागेल. उद्या कोर्टाने बोलावलं तर हजर राहावं लागेल."
कतारहून?
फोन करून येते म्हटलं. व्हरांड्यातून निसारला सगळं सांगितलं, जसंच्या तसं.
"आईने सांगितलं हे करायला?"
"हो."
मागे कुठेतरी कुणी हॉर्न वाजवत होतं. मग, "माझं नाव तुम्ही नका सांगू. मीच येऊन सांगतो."
त्याला तास होऊन गेला. हवालदारांनी दोनदा विचारलं, "येतोय ना तो?" दोन्ही वेळा म्हटलं, येतो म्हणालाय. कागद अजून टेबलावर आहे, माझ्या नावापर्यंत भरलेला.
नाही आला, तर मी सांगायचं?
बाहेर स्कूटर थांबली की मान वर होते. आत्तापर्यंत तीन.